तीन वारस आणि गौरम्मा

भवानी पेठ, सोलापूर
६ जानेवारी २०२५

सौ. राजेश्वरीताई यांस,
ऋतुजाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मीही तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मी कोंडीबा चवरे यांची मुलगी. तुम्हीही त्यांचीच मुलगी आहात, हे मला आप्पा गेल्यावर कळलं. आप्पांची पहिली बायको लग्नानंतर लवकरच वारली आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, असंच आमच्या घरात सांगितलं जायचं. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, गौरम्मालाही तेवढंच माहीत होतं.

आप्पा नोव्हेंबरमध्ये गेले. अर्धांगाचा झटका आला होता. हरिबादादा, म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणाला की माढ्याला फोन करून सांगितलंय. तुम्हाला कळलं होतं ना? तुमच्याकडून कुणी आलं नाही, म्हणून विचारते.

लिहिण्याचं कारण असं. आमच्या दोन खोल्या आणि मागची मागाची शेड आप्पांच्या नावावर आहे. माग विकले, आता शेड रिकामीच असते. नगर भूमापन कार्यालयात नाव लावायला गेले तर सगळ्या वारसांच्या सह्या मागतात. तुम्ही आणि तुमच्या आई हक्क सोडता, असा एक मसुदा सोबत पाठवते आहे. तुम्ही इतकी वर्षं काही मागितलं नाहीत, म्हणून वाटलं, तुमची हरकत नसेल.

तीनदा फोन केला. माझं नाव ऐकून तुम्ही ठेवून दिलात. दुकानाचा पत्ता तुमच्या जाहिरातीवरून मिळाला.

कळावे,
ऋतुजा चवरे


माढा
१३ जानेवारी २०२५

ऋतुजास,

फोन करू नकोस. मला तुझा आवाज ऐकायचा नाही. काय असेल ते लिहून पाठव, लिहिलेला शब्द मागाहून फिरवता येत नाही. आणि पत्र दुकानावरच पाठव. घरी पाठवायचं नाही, हे नीट लक्षात ठेव.

लवकरच वारली म्हणे! ती वारलेली बायको आत्ता माझ्या परड्यात बसून तूर पाखडते आहे. गोजरबाई नाव तिचं. मी सात वर्षांची होते तेव्हा तुझे आप्पा सोलापूरला गिरणीत लागले. खोली बघतो आणि न्यायला येतो म्हणाले. आई दोन वर्षं पत्र्याची पेटी भरून बसली होती. मग चुलत्यांच्या रानात खुरपायला जायला लागली. मला वाढवलं ते त्या खुरप्यावर, कुणाच्या मागावर नाही.

आणि तुझ्या आईला माहीत नव्हतं, हे तू मला सांगतेस? पाऊण दिवसाच्या वाटेवरचं गाव नाही माढा. ज्या माणसाबरोबर संसार केला त्याचं गाव कुठलं, तिथं कोण आहे, हे एवढ्या वर्षांत एका बाईला विचारावंसं वाटलं नाही?

आम्ही काही मागितलं नाही म्हणून तू धरून चाललीस की आम्ही सोडलं. मागितलं नव्हतं कारण मागायला जायची लाज वाटत होती. तुझा मसुदा फाडला नाही. इथल्या वकिलाला दाखवणार आहे.

मृत्यूचं कळलं होतं. यायचं की नाही हा माझा प्रश्न होता.

राजेश्वरी


भवानी पेठ, सोलापूर
१८ जानेवारी २०२५

राजेश्वरीताई,

तुमचं पत्र कारखान्यात डब्याच्या सुट्टीत वाचलं. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्या दिवशी दुपारभर मी उलट्या कॉलरचे शर्ट पास करत होते.

मसुद्याबद्दल माफ करा. तो हरिबादादानं आणून दिला होता, तसाच मी पाठवला. त्यात शेवटी काय लिहिलंय ते मी नीट वाचलं नाही. आता सिद्धलिंग वकिलांकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तुम्ही दोघी हक्क सोडता, पण माझ्या नावे नाही. हरिबादादाच्या नावे.

दादा म्हणतो, काकाला मुलगा नाही, मग घराण्याचा वारस पुतण्याच. मला ते खरंच वाटलं होतं. वकील हसले. म्हणाले, पहिल्या वर्गातले वारस हयात असताना पुतण्याला काहीही मिळत नाही. पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली, आई असे येतात. मुलगा नसला म्हणून मुलीचा हिस्सा कमी होत नाही, आणि लग्न झालेली मुलगी असली म्हणूनही होत नाही. म्हणजे वारस तीन, सारख्या हिश्शाचे: तुमच्या आई, तुम्ही आणि मी.

मी विचारलं, आणि अव्वा? ते म्हणाले, पहिलं लग्न मोडलेलं नसताना केलेलं दुसरं लग्न कायदा मानत नाही. त्यातून झालेली मुलं मात्र आईबापाच्या मिळकतीला वारस असतात. मी वारस आहे. मला जन्म देणारी नाही.

ताई, ती वीस वर्षं विड्या वळते आहे. ही जागा घेताना तिची मजुरी त्यात गेली. आप्पांचं सगळं तिनं केलं, अंथरुणातलंसुद्धा. तिला मी अजून हे सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, 'आपलं नाव लागलं का?' मी म्हणते, साहेब रजेवर आहेत.

तुमच्याकडे आणखी एक विनंती. मी मसुदा वकिलांना दाखवला हे दादाला कळलंय. काल गल्लीत म्हणाला, 'तुज्याकडनं होत न्हाई तर मीच जातो माढ्याला.' तुमच्या आईंना सांगून ठेवा. वाचून घेतल्याशिवाय कशावर अंगठा देऊ नका म्हणावं.

ऋतुजा


माढा
२४ जानेवारी २०२५

ऋतुजा,

तुझं पत्र वाचलं आणि दुकान अर्ध्यात बंद करून घरी पळाले. आई बरी होती, भाकरी थापत होती. हरिबा आला नव्हता.

का पळाले ते तुला लिहावंच लागेल. आईला माहीत नाही.

हरिबाचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. घरी जाऊन सांगायचं असं ठरवून निघाले. आई दारात बसली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात डोरलं. मला म्हणाली, 'थंडी लई पडलीया, त्यांचं गुडघं धरत असत्याल.' ती अशी बोलते. नाव घेत नाही, पण वर्षातून पाचसहा वेळा अशी काहीतरी बोलते, जसा तो माणूस शेजारच्या गल्लीत राहतो. मी मनाशी उद्या सांगू म्हटलं. मग दुसरा उद्या. माझे यजमान सयाजी रोज म्हणतात, बाहेरून कळण्याआधी सांग. ते बरोबर आहे. पण कसं सांगू? ज्यानं तिला काहीच दिलं नाही, त्याच्या नावाचं कुंकू तेवढं तिच्यापाशी आहे. ते मी माझ्या हातानं पुसू?

आणि तुझे वकील म्हणतात ती वारस आहे. वारस म्हणून सही करायची तर आधी विधवा व्हायला पाहिजे. हे तुझ्या ध्यानात आलं का?

इथले वकीलही तेच बोलले, तीन वारस. मी अजून काही ठरवलेलं नाही. तू बरं लिहितेस म्हणून तुझ्यावर विश्वास बसला असं समजू नकोस. पण हरिबा कधी निघणार हे कळलं तर मात्र फोन कर. त्यासाठी चालेल.

राजेश्वरी


भवानी पेठ, सोलापूर
२० फेब्रुवारी २०२५

राजेश्वरीताई,

मी दोन पत्रं टाकली. फोनही लागत नाही. तुम्ही रागावला आहात की काही झालंय, मला कळत नाही.

काल हरिबादादा घरी आला. त्याच्याकडे स्टँपपेपर होता आणि त्यावर निळा अंगठा. म्हणाला, गोजरकाकूनं हक्क सोडला, आता राजेश्वरीचीही सही येतीय. खरं आहे का? तुम्ही सही करणार आहात का? मला रागावून लिहा, पण लिहा.

अव्वा समोरच बसली होती. दादा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, 'ही तर कायद्यानं कोणच न्हाई. हिला इचारायचं कारणच न्हाई.' अव्वानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, आणि तिला कळलं की मला आधीपासून माहीत होतं.

ती ओरडली नाही. दादा गेल्यावर तिनं आपलं अंथरूण गुंडाळलं आणि मागच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. म्हणाली, 'घर माजं न्हाई तर आत कशाला झोपू?' मी हात धरला तर झटकला. आज सकाळी चहासुद्धा तिथंच घेतला, दारात बसून, पाहुण्यासारखा. स्वतःच्याच घरात मला विचारते, 'मोरीत जाऊ का?'

दादानं भूमापन कार्यालयात हरकत घेतली आहे. सुनावणी १० मार्चला. मला खूप भीती वाटते आहे. घराची वाटते, पण त्याहून जास्त अव्वाची.

ऋतुजा


माढा
२५ फेब्रुवारी २०२५

ऋतुजा,

हरिबा आला होता. मी दुकानात होते आणि सयाजी कारखान्यावर. आमची संस्कृती दहावीला आहे, ती क्लासला गेली होती. घरात आई एकटी.

आईनं त्याला ओळखलं, पाणी दिलं. तो ते प्यायला आणि म्हणाला, 'काकू, काका जाऊन तीन म्हैनं झालं की. तुला कुणी सांगितलं न्हाई का?' आणि त्याच दमात कागद पुढं केला. विधवेचा पगार चालू करायचा, अंगठा दे. बाईचा नवरा मेल्याचं सांगून दुसऱ्या घोटाला शाईचं पॅड काढलं त्यानं. आईला काय ऐकू आलं, काय नाही, देव जाणे. तिनं अंगठा दिला.

मी आले तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. अंगठ्याची शाई पदराला पुसत होती. मला म्हणाली, 'तुला ठावं होतं व्हय गं?' मी हो म्हणाले. त्यावर ती पंधरा दिवस माझ्याशी शब्दही बोलली नाही. मीही दुकान उघडलं नाही, फोन बंद करून ठेवला. तुझी पत्रं शटरच्या आत तशीच पडून होती, आज वाचली.

कुंकू तिनं स्वतःच पुसलं. कुणाला बोलावलं नाही.

बोलायला लागली तेव्हा पहिलं विचारलं ते हे: 'मरताना जवळ कोण हुतं?' मी म्हटलं, ती बाई आणि तिची मुलगी. 'पाणी कुणी पाजलं?' मी म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणाली, 'मग मला तितं न्यावा.'

अंगठ्याचं घाबरू नकोस. आमचे वकील म्हणाले, नोंदणी झालेली नाही, आणि हक्क सोडायचा तर दुसऱ्या वारसाच्या नावे सोडता येतो, पुतण्या वारसच नाही. पण सुनावणीत आईनं स्वतः उभं राहून सांगितलं तर बरं. मी सही करणार नाही, हरिबाच्या कागदावर तर नाहीच.

१० तारखेला संस्कृतीचा पेपर आहे, मला तिला सोडून येता येत नाही. सयाजी आईला आदल्या दिवशी आणून सोडतील. तुमच्याकडेच. तिचाच हट्ट आहे.

ती तिथं येऊन काय करेल, मला माहीत नाही. ती सांगत नाही. तुझ्या आईला चार शब्द बोलली तर ऐकून घ्या. तिला दमा आहे. आणि तिला काही झालं, तिचा कुणी अपमान केला, तर मी तुला कधीही माफ करणार नाही.

राजेश्वरी


भवानी पेठ, सोलापूर
१२ मार्च २०२५

ताई,

फोनवर मी एवढंच सांगितलं की सगळं पार पडलं आणि आई बऱ्या आहेत. बाकीचं फोनवर सांगता आलं नसतं.

रविवारी सयाजीभाऊजी त्यांना सोडून परतले. आई दारात उभ्या राहिल्या, घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, 'ती कुटं हाय?' मी म्हटलं, मागं शेडमध्ये. त्या सरळ आतून मागं गेल्या. अव्वा सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. उठून उभी राहिली. मांडीवरची पानं सगळी खाली सांडली. मी मधे उभी होते. मला वाटलं आता मारामारी होते.

आई तिथंच अंथरुणावर बसल्या. दम लागला होता. अव्वानं पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही, तांब्या शेजारी ठेवला.

'तुला ठावं हुतं का, मी हाय म्हणून?'

ताई, मी तुम्हाला लिहिलं होतं की अव्वाला माहीत नव्हतं. मला तसंच सांगितलेलं होतं. पण अव्वा म्हणाली, 'पहिल्यांदा न्हवतं. ही दोन वर्साची झाली तवा कळ्ळं.'

'मग?'

'मग कुटं जाऊ? माहेरी अण्णा म्हणाला, येऊ नको. हिला घेऊन कुटं जाऊ, तुमीच सांगा.'

  मला माझ्याच आईचा चेहरा अनोळखी वाटत होता. पंचवीस वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं आणि मी तुम्हाला तिची बाजू मांडत होते. तुम्ही पहिल्याच पत्रात जे विचारलं होतंत, ते बरोबर होतं.

पुष्कळ वेळानं आईंनी विचारलं, त्यांचं कसं झालं. अव्वानं सगळं सांगितलं. चहाची बशी हातातून पडली तिथून. कोणता हात गेला, कसं गिळता येईना, कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायचे. आई मधे मधे विचारत होत्या, 'दुखत हुतं का?' 'सारखं कुशीवर करत हुता का?' दोघी त्याच एका माणसाबद्दल बोलत होत्या आणि दोघींना एकमेकींकडे बघवत नव्हतं. शेवटी आईंनी तांब्या उचलला आणि पाणी प्यायल्या.

सुनावणीला साहेबांनी विचारलं, 'तुम्ही कोण?' आई म्हणाल्या, 'मी गोजरबाई कोंडीबा चवरे. त्यांची लग्नाची बायकू.' मोठ्यानं म्हणाल्या, बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा वळली. अंगठा दाखवल्यावर म्हणाल्या, 'माजाच हाय. इधवा पगाराचा म्हणून घेतलाय. ह्यात काय लिवलंय त्ये त्यानं वाचलं न्हाई, मला वाचता येत न्हाई.' हरिबादादा म्हणाला, काकूला कुणीतरी पढवलंय. साहेबांनी त्याला एकच विचारलं, 'तुम्ही मयताचे कोण?' पुतण्या म्हटल्यावर त्यांनी त्याचा कागद बाजूला ठेवला. हरकत फेटाळली.

बाहेर आल्यावर दादा अव्वाला म्हणाला, 'तुजं नाव तरीबी न्हाईच लागलं.' तेव्हा आई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. 'माजं लागलंय न्हवं? त्या घरात माजा हिस्सा हाय. माज्या हिश्शात कुणाला ठेवायचं ते मी ठरवीन. हिला काडून दाव बरं.' दादा गेला.

रिक्षात मी आईंना म्हटलं, तुमचा हिस्सा अव्वाच्या नावे करून दिलात तर कायमचा प्रश्न मिटेल. घाईत बोलून गेले. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. म्हणाल्या, 'न्हाई. नाव मी सोडायची न्हाई. इतकी वर्सं कुटंच नव्हतं माजं नाव. ऱ्हायला काय, ऱ्हाऊ दे तिला मरेपातूर. पर नाव माजंच.'

घरी आल्यावर अव्वाचं अंथरूण त्यांनीच आत आणायला लावलं. तुम्हाला हे कसं वाटेल, माहीत नाही. मला तुम्ही काय ठरवाल याची भीती अजून आहेच.

ऋतुजा


माढा
१९ मार्च २०२५

ऋतुजा,

आईनं ठरवलं ते तिचं. मी मोडणार नाही. पण माझा हिस्सा मीही सोडणार नाही, विकायलाही सांगणार नाही. तुझी आई आहे तोवर तिथं कुणी हात लावणार नाही, एवढं लिहून देते. तिला माफ केलंय असं मात्र तिला सांगू नकोस. केलेलं नाही.

आई परत यायचं नाव काढत नाही. सयाजी घ्यायला आले तर म्हणे पुढच्या आठवड्यात बघू. तिथं काय करते एवढं?

एक विचारायचं आहे. आईसमोर विचारता येणार नाही, म्हणून लिहिते. ते शेवटी काही बोलले का? माझं नाव घेतलं का? कधी, एकदा तरी? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं असेल तेच लिही.

राजेश्वरी


भवानी पेठ, सोलापूर
२७ मार्च २०२५

ताई,

आठ दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण रोज लिहायला बसायची आणि उठायची.

नाव घेतलं नाही. शेवटी त्यांची वाचाच गेली होती, कुणाचंच नाव घेतलं नाही, माझंही नाही. पण तुम्ही 'एकदा तरी' असंही विचारलंय. मी अव्वाला विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं आधी टाळलं, मग मान हलवली. या घरात त्यांनी तुमचं नाव कधी काढलं नाही. तुम्ही आहात हे तिला कळलं तेही बाहेरून. खोटं लिहिणं सोपं होतं. चार ओळी लिहिल्याही होत्या, फाडल्या.

माझ्यावर त्यांचा फार जीव होता. आता ते आठवलं की आधी तुम्ही आठवता. आप्पांवर रागावायला मला अजून नीट जमत नाही, पण रडूही पहिल्यासारखं येत नाही.

आई इथं काय करतात विचारलंत. सकाळी अव्वाबरोबर विड्यांची पानं कापायला बसतात. वाकडी कापतात, अव्वा ती परत सरळ करते. फार बोलत नाहीत. काल दोघींचं भांडण झालं, आमटीत चिंच किती घालायची त्यावरून, आणि ते चांगलं तासभर चाललं.

परवा कार्यालयात नावं चढवायला गेले होते. पत्नी म्हणून आईंचं नाव पहिलं लागलं. मग क्लार्कनं विचारलं, मुली दोन आहेत, आधी कुणाचं लिहू? अर्ज तुमचा आहे, तुमचं लिहू का?

मी म्हटलं, नाही. थोरलीचं आधी लिहा.

ऋतुजा